हलकी बाटली, जवळची बाग: इंदूरमध्ये पर्यावरणाला जपणारी वाईन

मालवामाती (धागाकर्ता)

वाईनचं पर्यावरणावर जे ओझं पडतं, त्यात एकटी काचेची बाटलीच बहुतेक वेळा सगळ्यात जड ठरते. काच वितळवणारी भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसवर रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, आणि पुढे तेच वजन ट्रकने नाहीतर जहाजाने वाहून आणावं लागतं. म्हणून हा धागा लेबलाऐवजी वजनापासून सुरू करतो.

७५० मिलिलिटरची हलकी बाटली रिकामी ४०० ग्रॅमच्या आसपास भरते, साधी ५०० ते ५५० आणि दिमाखदार दिसावी म्हणून केलेली जाड बुडाची ८०० ते ९०० ग्रॅम, कधी त्याहून जास्त. रिकामी बाटली दुकानात कोणी हातात देत नाही, पण हिशोब सोपा आहे. आतली वाईन ७४० ते ७५० ग्रॅम असते. भरलेली बाटली काट्यावर ठेवा. १ किलो १५० ते १ किलो २०० ग्रॅम भरली तर काच हलकी. दीड किलोच्या पुढे काटा गेला तर पुढच्या वेळी दुसरी बाटली बघा. बुडाचा खोल खड्डा आणि जाड काच यांचा आतल्या वाईनच्या दर्जाशी काहीही संबंध नाही. अपवाद फसफसणाऱ्या वाईनचा: आत ५ ते ६ बार दाब असतो, तिथे जाड काच लागतेच. तरी शॅम्पेनवाल्यांनीसुद्धा २०१० मध्ये आपली बाटली ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणली. साध्या वाईनच्या बाटलीचं सरासरी वजन २०२६ च्या अखेरपर्यंत ४२० ग्रॅमच्या खाली आणायचं, असं काही मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी २०२३ मध्ये मिळून ठरवलंय.

दुसरी गोष्ट अंतर. इंदूरहून आग्रा रोडने नाशिक साधारण ४०० किलोमीटर. दिंडोरी, निफाड, इगतपुरी हा सगळा द्राक्षपट्टा त्याच बाजूला. अकलूज त्याच्या पुढे. बंगळुरूजवळचे नंदी हिल्स आणि हंपीचा भाग आणखी लांब, पण देशातच. परदेशी वाईन जहाजाने येते आणि एका बाटलीमागे जहाजाला किलोमीटरला लागणारं इंधन ट्रकपेक्षा फार कमी असतं, हेही ध्यानात ठेवा. म्हणजे समुद्रमार्गे आलेली हलकी बाटली आणि लांबून ट्रकने आलेली जाड बाटली यांत परदेशी बाटली सरसही ठरू शकते. वजन आणि अंतर एकत्रच मोजायचं.

तिसरी गोष्ट शेती आणि चौथी वाया जाणं. आपल्या मे महिन्यात चौथीवर सगळ्यांत जास्त बोलायला हवं, कारण उन्हाने शिजलेली वाईन मोरीत गेली की द्राक्षं, पाणी, काच, डिझेल सगळंच तिच्याबरोबर जातं. शेतीबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

द्राक्षवेल

महाराष्ट्रात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पीक मात्र एकच, वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात वेल थंडीत पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, त्यामुळे बुरशीला जवळजवळ वर्षभर हिरवं पान मिळतं. नाशिककडे ऑरगॅनिक वाईन करणं फ्रान्सच्या कोरड्या दक्षिण भागापेक्षा अवघड आहे, ते यामुळे. गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा बुरशीचा रोग) येतो, आणि तो फुलोऱ्यात आला तर घडच हातचे जातात. पुढे हवा कोरडी, रात्री थंड झाल्या की भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी.

ऑरगॅनिक बागेत केवड्यावर तांबं आणि भुरीवर गंधक ही मुख्य हत्यारं. तांबं म्हणजे बोर्डो मिश्रण. १ टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचं (लोखंडी पिंप चालत नाही, मोरचूद ते खातं), चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये विरवून, गाळून घ्यायचा आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायचं. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळा थोडा वेळ बुडवायचा. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय, आणखी घालावा लागतो; तसंच फवारलं तर पानं भाजतात. कोवळ्या फुटीवर अर्ध्या टक्क्याचंच मारतात. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की 'ऑरगॅनिक म्हणजे फवारणी नाही' असं फार लोक धरून चालतात. फवारणी असते. आणि तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं, गांडुळांना त्रास देतं. म्हणूनच युरोपीय संघाने तांब्यावर ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. शिवाय तोडणीच्या जवळ तांबं मारलं तर सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनमधला पेरूसारखा वास मरतो, कारण तो वास देणाऱ्या गंधकयुक्त संयुगांना तांबं पकडून ठेवतं.

चांगली बाग कुठली हे ओळखायचं तर मुळात फवारणीची गरज कमी कशी केली ते विचारायचं. वाय पद्धतीच्या तारांवर फांद्या मोकळ्या ठेवल्यात का, घडांभोवतीची पानं काढून वारा खेळता ठेवलाय का, ओळींमध्ये ताग किंवा धैंचा पेरून तो गाडतात का, बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन आहे का, पाणी ठिबकने जातं का. वाईनरीला ईमेल करून हे विचारता येतं. ज्यांनी खरोखर केलंय त्यांची उत्तरं तपशिलात येतात. 'आम्ही निसर्गावर प्रेम करतो' एवढंच आलं तर काय समजायचं ते समजावं.

---

रामबागकर

द्राक्षवेल दादा, फार उपयोगी प्रतिसाद. एक शंका. ऑरगॅनिक, बायोडायनॅमिक, नॅचरल हे तिन्ही शब्द दुकानात सारख्याच अर्थाने वापरतात. कायद्याने यांत फरक आहे का?

---

नोंदवही

आहे, आणि बराच आहे.

ऑरगॅनिक हा शब्द कायद्यात बसवलेला आहे. भारतात प्रमाणित मालावर 'जैविक भारत' चिन्ह असतं. युरोपीय बाटलीवर हिरव्या पार्श्वभूमीवर ताऱ्यांनी काढलेलं पान दिसतं. २०१२ पर्यंत युरोपात फक्त 'ऑरगॅनिक द्राक्षांपासून केलेली' एवढंच लिहिता येत होतं. त्या वर्षीच्या नियमांनंतर 'ऑरगॅनिक वाईन' लिहायची परवानगी आली, कारण वाईनरीत काय घालायचं यालाही मर्यादा लागल्या. एकूण सल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) कोरड्या, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेल्या लाल वाईनमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम, पांढऱ्या आणि गुलाबीत १५०. साध्या वाईनला हीच मर्यादा १५० आणि २०० आहे. अमेरिकेचा नियम वेगळा: तिथे 'ऑरगॅनिक वाईन' म्हणजे वरून सल्फाइट अजिबात घातलेलं नाही, आणि 'ऑरगॅनिक द्राक्षांपासून केलेली' म्हणजे १०० पर्यंत चालतं. एकच शब्द, दोन देशांत दोन अर्थ. तेव्हा बाटली कुठली आहे ते आधी बघा.

बायोडायनॅमिकचा उगम रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ मधल्या व्याख्यानांत आहे. डिमीटर हे त्याचं प्रमाणचिन्ह १९२८ पासूनचं. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरतात, मग एकरी २५ ग्रॅम शिंगखत १३ ते १५ लिटर पाण्यात १ तास आलटून पालटून दोन्ही दिशांनी घुसळून फवारतात. शिंगखताचा स्वतंत्र परिणाम दाखवणारा पुरावा तोकडा आहे, हे माझं स्पष्ट मत. पण त्याच प्रमाणपत्रात जमिनीचा १० टक्के भाग जैवविविधतेसाठी राखण्याची अट आहे आणि कंपोस्टवर भर आहे. त्या अटींची किंमत मोठी आहे. म्हणून ते चिन्ह दिसलं तर मी त्याला मान देतो.

'नॅचरल' शब्दाला बहुतेक ठिकाणी कायद्याचा आधार नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेथोद नात्यूर' नावाची सनद आहे: प्रमाणित ऑरगॅनिक द्राक्षं, हाताने तोडणी, द्राक्षावरचंच यीस्ट आणि सल्फाइट घातलंच तर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. ती सोडली तर हा शब्द उत्पादकाच्या शब्दावर चालतो.

---

तिळगूळ

सल्फाइट कमी तेवढी वाईन चांगली, असं समजायचं का? आणि डोकं दुखतं ते सल्फाइटमुळेच ना?

---

रसायनी

तिळगूळ ताई, दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही नीट घेऊ.

आधी डोकेदुखी. पिवळ्या बेदाण्यांत आणि केशरी, मऊ जर्दाळूत वाईनपेक्षा कितीतरी पट जास्त सल्फाइट असतं. सियागंज बाजारात जर्दाळूचे दोन ढीग दिसतात, एक केशरी आणि एक तपकिरी. केशरी तो गंधकाची धुरी दिलेला. ते मूठभर खाऊन डोकं दुखत नसेल तर वाईनमधल्या सल्फाइटला दोष देण्यात अर्थ नाही; अल्कोहोल, कमी पाणी आणि उन्हाळा ही कारणं आधी तपासा. दमा असलेल्यांचं मात्र वेगळं: सल्फाइटने खरोखर दम लागू शकतो. 'सल्फाइट आहे' ही सूचना लिटरला १० मिलिग्रॅमपासून पुढे लेबलवर असावी लागते, ती त्यांनी वाचायलाच हवी.

आता कमी म्हणजे चांगलं का. सल्फाइट जंतूंपासून आणि हवेपासून राखण करतं, पण त्यातला फारच थोडा भाग कामाचा असतो आणि तो किती ते पीएचवर (आंबटपणाचं माप; आकडा कमी तेवढं जास्त आंबट) ठरतं. लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम कामाचा भाग हवा असेल तर पीएच ३.२ असताना सुमारे २० मिलिग्रॅम मुक्त सल्फाइट पुरतं. पीएच ३.५ झाला की ४० लागतं. ३.८ झाला की ८० च्या जवळ. उष्ण प्रदेशात द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं, पीएच चढतो आणि सल्फाइटची गरज दुप्पट-चौपट होते. यावर उपाय बागेतच सुरू होतो: साखर थोडी कमी असतानाच तोडणी, पहाटेच्या अंधारात तोडणी आणि गरज पडल्यास टार्टारिक आम्ल. शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या वाईनची द्राक्षजात आम्ल चांगलं धरून ठेवते, म्हणून कमी सल्फाइटची भारतीय वाईन हवी असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी.

शून्य सल्फाइटची, पीएच चढलेली वाईन बिघडते तेव्हा एक खास दोष येतो, त्याला उंदराचा वास म्हणतात. ग्लास हुंगल्यावर काहीच कळत नाही. घोट गिळल्यावर १०-२० सेकंदांनी तोंडात जुन्या भाकरीसारखी, उंदराच्या बिळासारखी चव वर येते, कारण लाळेने आम्ल कमी झाल्यावरच तो वास मोकळा होतो. हवेला ठेवून तो जात नाही. उलट कुजक्या अंड्याचा किंवा काडेपेटीचा वास असेल तर तो बहुधा जातो: काचेच्या जगमध्ये दोन-तीनदा उंचावरून ओता, २० मिनिटं थांबा.

आणि एक, आपल्या घरांत हे होऊ शकतं म्हणून लिहितो. वाईन तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ओतू नका. ती ताकाइतकी किंवा ताकाहूनही आंबट असते, धातू उतरतो. काच नाहीतर स्टील.

---

शाकाहारी_इंदूर

बाटलीवर हिरवा ठिपका कधीच दिसत नाही. मग शाकाहारी वाईन ओळखायची कशी?

---

नोंदवही

मद्याला तो ठिपका लावण्याच्या नियमातून सूट आहे, म्हणून दिसत नाही. ठिपका नाही यावरून शाकाहारी किंवा मांसाहारी काहीच ठरवता येत नाही. प्रश्न निवळण्याचा असतो. गढूळ वाईन निवळायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. तो गाळाबरोबर खाली बसतो आणि काढून टाकतात. त्याऐवजी बेंटोनाइट नावाची चिकणमाती किंवा वाटाण्याचं प्रथिन वापरता येतं. लेबलवर 'व्हीगन' किंवा 'निवळलेली नाही, गाळलेली नाही' असं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर वाईनरीला एका ओळीत विचारा: कशाने निवळता?

---

मालवामाती

याला जोडून एक. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले तर बाटली परत करू नका. ते टार्टारिक आम्लाचं मीठ आहे, निरुपद्रवी. ते दिसू नयेत म्हणून वाईनऱ्या वाईन शून्याखाली ४ अंशांपर्यंत थंड करून कित्येक दिवस टाक्यांत ठेवतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ते करायला किती वीज जात असेल याचा अंदाज करा. गिऱ्हाईकाने स्फटिक चालवून घेतले तर ती वीज वाचते. माझ्या मते आपण घरबसल्या करू शकतो त्यातलं हे फार मोलाचं काम आहे.

---

टाकीवाला

नाशिकची वाईन म्हणजे आपोआप हिरवी, असा सूर धाग्यात लागतोय, त्याला थोडा आवर घालतो. पांढरी वाईन १२ ते १६ अंशांवर आंबवावी लागते आणि बाहेर ३० च्या वर असताना ती थंडाई विजेवर चालते. जवळची वाईनरी कोळशाच्या विजेवर चालत असेल तर अंतराचा फायदा बराच कमी होतो. छतावर सौरऊर्जा आहे का, टाक्यांना उष्णतारोधक आवरण आहे का, पावसाचं पाणी साठवतात का, टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करून बागेला देतात का, चोथ्याचं काय करतात, हे प्रश्न शेतीच्या प्रश्नांइतकेच महत्त्वाचे. चोथा म्हणजे साली, बिया आणि देठ. तो आंबट असतो, ताजाच बागेत टाकला तर मुळांना त्रास होतो. शेण आणि चुना मिसळून काही महिने कुजवला तर उत्तम खत. सुला, यॉर्क, वालोने, फ्राटेली, ग्रोव्हर झांपा, क्रस्मा अशी नावं दुकानात दिसतील. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर यातलं किती लिहिलंय ते ताडून बघा.

---

द्राक्षवेल

टाकीवाला यांच्याशी पूर्ण सहमत. लाल वाईन २५ ते २८ अंशांवर आंबते, तिला थंडाई कमी लागते; हा मुद्दाही हिशोबात धरा.

---

सुदामानगर

इथे दुकानात बाटली निवडताना काय बघायचं? आणि घरी एप्रिल-मेमध्ये ठेवायची कुठे? फ्रिज लहान आहे.

---

थंडओल

दुकानात पहिली नजर वर्षावर टाका. भारतीय वाईनवरचं साल म्हणजे त्याच वर्षीच्या जानेवारी-मार्चची तोडणी, युरोपातलं साल म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची. एकाच सालाची भारतीय बाटली युरोपीय बाटलीपेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. शेनिन, सोव्हिन्यों आणि गुलाबी वाईन दीड-दोन वर्षांच्या आत प्यायच्या. तीन वर्षांची पांढरी वाईन सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. दुसरी नजर जागेवर: काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली उभी राहिलेली बाटली नको, विशेषतः पारदर्शक काचेची, उजेडाने तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. तिसरी नजर बुचावर. बूच वर सरकलेलं, वेष्टणाखाली चिकट ओघळ किंवा आतली पातळी खाली गेलेली दिसली तर ती बाटली कुठेतरी तापली आहे. बूच की स्क्रू कॅप, यावर पर्यावरणाच्या दृष्टीने भांडण नको: कॉर्क ओकची साल दर ९ वर्षांनी सोलतात, झाड तोडत नाहीत, आणि जगातलं जवळजवळ अर्धं कॉर्क पोर्तुगालमधून येतं. पण आपल्या उन्हाळ्यात ताजी प्यायच्या वाईनला स्क्रू कॅप जास्त खात्रीची.

आता घर. ३० अंशांच्या वर काही दिवस राहिली की वाईन शिजते. मुरंब्यासारखा, करपलेल्या साखरेसारखा वास येतो आणि फळाचा वास जातो. ते परत आणता येत नाही. फ्रिज तसाही चोवीस तास चालूच असतो, म्हणून भाजीच्या कप्प्यात दोन आडव्या बाटल्या मावत असतील तर तीच उत्तम जागा, जास्तीची वीज जवळपास शून्य. तिथे ८ ते १० अंश असतात. लाल वाईनही उन्हाळाभर तिथे राहिली तर काही बिघडत नाही.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर माठ. तोंड रुंद असलेला, कच्च्या भाजणीचा, झिरपणारा मोठा माठ घ्या. आत बाटली मावेल असं चिनीमातीचं किंवा स्टीलचं उभं भांडं ठेवा. दोन्हींच्या मधे चहूबाजूंनी ३-४ सेंटिमीटर फट राहायला हवी. ती चाळलेल्या वाळूने भरा. सकाळ-संध्याकाळ वाळूत पाणी घाला, वर ओलं तरटाचं पोतं टाका आणि माठ तिवईवर, सावलीत पण वाऱ्यावर ठेवा. मालव्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये आतलं तापमान दुपारी बाहेरपेक्षा १० अंशांच्या आसपास खाली राहू शकतं. बंद खोलीत ठेवला तर काम करत नाही, कारण बाष्प जायला वारा लागतो. पाणी क्षारयुक्त असेल तर महिन्या-दीड महिन्यात छिद्रं बुजतात. माठ रिकामा करून काथ्याने घासा, उन्हात वाळवा. वाळूऐवजी माती भरू नका, ती पाणी धरून बसते आणि वास मारते.

---

रसायनी

माठ पावसाळ्यात बंद करा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओली असते, बाष्पीभवन होत नाही, गारवा मिळत नाही आणि लेबल-बुचाला बुरशी येते. माठात स्क्रू कॅपच्याच बाटल्या ठेवाव्यात आणि दोन-तीन आठवड्यांपुरत्याच. वर्षभराची साठवण त्यात करू नये.

---

तिळगूळ

थंडओल दादा, माठाचा प्रतिसाद जपून ठेवतेय. पिण्याआधी किती गार करायची?

---

थंडओल

पांढरी, गुलाबी ८ ते १० अंश, फसफसणारी ६ ते ८, लाल १६ ते १८. आपल्याकडची खोली मेमध्ये ३४ अंश असते, म्हणून 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा युरोपातला नियम इथे लागू नाही. लाल बाटली फ्रिजमध्ये दीड ते दोन तास, पांढरी तीन ते चार तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, १५-२० मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात दुप्पट वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. उरलेलं खारट पाणी झाडांना घालू नका.

---

रामबागकर

खाण्याबरोबर काय? आपल्या जेवणात मिरची आणि तूप दोन्ही सढळ.

---

चवदार_मालवा

तिखटाबरोबर १४ टक्क्यांची, तुरट लाल वाईन सगळ्यात वाईट. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि तुरटपणा कडू लागतो. रतलामी शेवेत लवंग आणि मिरची दोन्ही, तिच्याबरोबर किंचित गोडसर शेनिन. भुट्ट्याच्या किसात दूध आणि मक्याचा गोडवा आहे. व्हिओन्ये (सुवासिक पांढरी वाईन) किंवा शेनिन. थंडीतल्या गराडूला (तळलेल्या कंदाला) वरून मसाला आणि लिंबू पिळलेलं असतं, तिथे सोव्हिन्योंचं आम्ल लिंबाशी जुळतं. दाल-बाफल्यात तूप इतकं की जिभेवरचं तूप धुऊन काढायला बुडबुडे हवेत: कोरडी फसफसणारी. भरली वांगी, गोडा मसाला, तीळ-खोबरं असेल तर कमी तुरटीची शिराझ (लाल वाईन), गार करून. थालीपिठाबरोबर गुलाबी. जिलेबी किंवा मावाबाटीबरोबर कोरडी वाईन देऊ नका. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन नुसती आंबट लागते.

मोसमाचंही बघा. गराडू डिसेंबर-जानेवारीत, शेनिनची नवी बाटली उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येते.

---

सुदामानगर

नाशिकला जाऊन थेट वाईनरीतून गाडीत टाकून आणली तर? ट्रकचा एक फेरा वाचेल. आणि घरी जांभळाची वाईन करण्याबद्दलही कोणी लिहावं.

---

नोंदवही

दोन्हींना नको म्हणतो, कारणांसह. दारू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं अबकारी परवान्याच्या कक्षेत येतं. आधी अबकारी कार्यालयात विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. शिवाय भरलेल्या ट्रकमध्ये एका बाटलीच्या वाट्याला येणारं डिझेल तुमच्या गाडीपेक्षा खूप कमी असतं, म्हणजे पर्यावरणाचाही फायदा नाही. फिरायला जात असाल तर तिथेच चाखा, गाडी दुसऱ्याने चालवावी. घरी मद्य करणं मध्य प्रदेश अबकारी अधिनियम, १९१५ खाली परवान्याशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे त्याची कृती इथे नको. आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ ठिकाणी दारूबंदी आहे. मध्य प्रदेशात वयाची अट २१.

---

तिळगूळ

उघडलेली बाटली उरली तर?

---

थंडओल

झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये, उभी. आडवी ठेवली तर हवेला पृष्ठभाग जास्त मिळतो. पांढरी आणि लाल ३ ते ५ दिवस, फसफसणारी दाबाच्या झाकणासह १ ते ३. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आधीच स्वच्छ धुतलेली छोटी बाटली तयार ठेवणं आणि उघडल्याबरोबर उरणारी वाईन तिच्यात काठोकाठ भरणं. हवा आतच राहिली नाही तर आठवडाभरसुद्धा टिकते. जिथे ३ लिटरची पिशवी-पेटी मिळते तिथे ती घ्या. नळातून घेताना पिशवी आक्रसते, हवा शिरत नाही, ४ ते ६ आठवडे टिकते आणि काच लागतच नाही.

---

चवदार_मालवा

त्यानंतरही उरली तर तिचा सिरका (व्हिनेगर) करा. १२-१३ टक्क्यांच्या वाईनमध्ये सिरक्याचे जंतू नीट वाढत नाहीत, म्हणून पातळ करावी लागते: ५०० मिलिलिटर वाईन, २५० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी, २५० मिलिलिटर जिवंत सिरका, म्हणजे न गाळलेला, तळाशी गढूळ जाळी असलेला. गाळलेला पांढरा सिरका चालत नाही, त्यात जंतूच नसतात. वाईनमध्ये सल्फाइट जास्त असेल तर मिसळण्याआधी रुंद भांड्यात रात्रभर उघडी ठेवा. रुंद तोंडाची काचेची बरणी दोन तृतीयांशच भरा, तोंडाला दुहेरी मलमल बांधा (चिलटं फटीतून शिरतात, रबर घट्ट हवं) आणि अंधाऱ्या जागी ठेवा. २५ ते ३० अंश लागतात, म्हणजे आपल्याकडे मार्च आणि ऑक्टोबर उत्तम. पहिले दोन आठवडे नखपॉलिशसारखा वास येतो, तो जातो. वर पांढुरकी, गुळगुळीत साय आली तर ती हवीच. केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली तर सगळं टाका, वरची काढून चालत नाही. ६ ते ८ आठवड्यांत तयार. कोशिंबिरीला, चटणीला वापरा. टिकाऊ लोणच्यात नको, आम्ल किती उतरलंय याची खात्री नसते.

---

मालवामाती

राहिली रिकामी बाटली. इंदूरच्या कचरागाडीत सहा प्रकार वेगळे द्यायचे असतात. बाटली सुक्यात जाते, पण आधी विसळून. तळाशी राहिलेला घोटभर द्रव सगळा कागद-पुठ्ठा भिजवतो आणि तो मग पुन्हा वापरता येत नाही. फुटलेली असेल तर जाड कागदात गुंडाळून वर 'काच' लिहा. पलीकडे ती हाताने निवडली जाते. कबाडीवाल्याला द्यायची असेल तर लेबल भिजवून खरवडून काढा, म्हणजे त्याच बाटलीत बनावट माल भरला जाणार नाही. ॲल्युमिनियमच्या स्क्रू कॅप सुट्या टाकल्या तर छाननीत खाली गळून पडतात, म्हणून त्या एका डब्यात साठवून मूठभर झाल्या की एकत्र द्या. नैसर्गिक बूच लवकर कुजत नाही. चाकूने बारीक तुकडे करून कुंडीच्या तळाशी निचऱ्याला घाला. बुचावर प्लॅस्टिकचा थर असेल किंवा ते पूर्ण प्लॅस्टिकचं असेल, तर ते प्लॅस्टिकच्या डब्यात. नखाने दाबून बघा: खरं कॉर्क दाबतं आणि हळूहळू परत येतं, कापल्यावर आत असमान रेषा दिसतात.